आधी पाण्याचे कॅन, मग डंबेल : चाळिशीनंतर घरासाठी व्यायामाचे साहित्य निवडताना

बहुतेक घरांत ही खरेदी उलट्या क्रमाने होते. आधी डंबेलचा जोड नाहीतर घडीचा बेंच घरात येतो. मग तो ठेवायचा कुठे याची शोधाशोध सुरू होते, मग मोबाईलवर व्यायाम पाहिले जातात, आणि खांदा धरला की डॉक्टरांची आठवण येते. तीन महिन्यांत बेंचवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत लागते. खाली क्रम सरळ केला आहे : आधी शरीर, मग जागा, मग वजनाचा अंदाज, त्यानंतर साधन आणि दुकान.

हे चाळिशी ते साठीच्या अशा माणसांसाठी आहे, ज्यांनी वजने कधी उचललीच नाहीत किंवा उचलणे सोडून पंधरा-वीस वर्षे झाली. "कॉलेजात असताना रोज तालमीत जायचो" हे वाक्य खरेदीच्या दिवशी घरी ठेवून जा. सगळ्यात जास्त चुकीच्या खरेद्या त्या एका वाक्याने होतात.

साधन किती जड होते हे सगळे विचारतात. एका वजनावरून पुढच्या वजनावर जाताना किती किलोची उडी पडते, हे कोणी विचारत नाही. या वयात साधन टिकते की अडगळीत जाते, ते त्या उडीवर ठरते.

टप्पा १ : शरीराची तपासणी (खरेदीच्या आधी, दोन दिवस)

१. रक्तदाब मोजा. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा, मग यंत्र लावा. दोन वेगवेगळ्या दिवशी मोजा. आकडा १६०/१०० किंवा त्याच्या वर दिसत असेल तर आधी डॉक्टर, मग दुकान.

२. पुढीलपैकी काही असेल तर वजन उचलण्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा : हृदयात स्टेंट किंवा बायपास, हर्निया, मणक्याची गादी सरकलेली, हाडे ठिसूळ झाल्याचे निदान, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर झालेला परिणाम. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब क्षणभर बराच वर जातो आणि नाजूक झालेल्या रक्तवाहिन्यांना ते झेपत नाही. "व्यायाम करू का" असे मोघम विचारले की "चाला" असे मोघम उत्तर मिळते. म्हणून प्रश्नच असा विचारा : "दोन्ही हातांत पाच-पाच किलो घेऊन खुर्चीतून उठबस केली तर चालेल का?"

३. खांदा तपासा. भिंतीला पाठ, डोके आणि कंबर टेकून उभे राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. दोन्ही हात सरळ ठेवून समोरून वर न्या आणि कानाजवळून भिंतीला टेकवा. कंबर भिंतीपासून सुटली किंवा हात मध्येच अडला, तर डोक्यावर वजन नेण्याचे व्यायाम सध्या यादीतून काढा. मधुमेह असलेल्यांत खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते. त्यांनी ही तपासणी टाळू नये.

४. गुडघा तपासा. १७ इंच उंचीच्या खुर्चीवरून (साधारण जेवणाच्या टेबलाची खुर्ची) हातांचा आधार न घेता पाच वेळा उठा-बसा. जमले नाही तर बसण्यावर एक जाड उशी ठेवून पुन्हा करा. उशी लागली तर लागली. नोंद करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

> थांबा : छातीत दाब, उठल्यावर भोवळ, किंवा थोड्याशा कष्टाने दम लागणे यांपैकी काही असेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवा आणि तपासणी करून घ्या.

टप्पा २ : जागा मोजा, आणि ती जमिनीवर झोपून मोजा

टेपने मोजलेली जागा फसवते, कारण टेप हात पसरत नाही. जिथे व्यायाम करायचा तिथे चटई टाकून उताणे झोपा आणि दोन्ही हात बाजूला पसरा. हात सोफ्याला, टीव्हीच्या कपाटाला लागता कामा नयेत. नाशिकच्या सिडकोतल्या किंवा जेलरोडच्या लहान फ्लॅटच्या हॉलमध्येही सहा फूट बाय सहा फूट जागा टीपॉय सरकवून निघते. फरशी दोन बाय दोनची असेल तर ती बरोबर तीन फरश्या लांब आणि तीन रुंद. तेवढी निघाली नाही तर बेंचचा विचार आत्ताच सोडा.

आता वर पाहा. पंखा बंद करून उभे राहा, हातात झाडू उभा धरा आणि दोन्ही हात वर करून त्या जागेत एक फेरी मारा. पंख्याच्या पात्यापासून झाडूचे टोक हातभर तरी लांब हवे. नसेल तर वर ढकलण्याचे व्यायाम बसूनच करायचे.

फरशीवर नाणे वाजवत फिरा. पोकळ आवाज येणाऱ्या फरशीखाली सिमेंट पूर्ण बसलेले नसते, आणि पाच किलोची चकती गुडघ्याच्या उंचीवरून पडली तरी अशी व्हिट्रिफाइड फरशी तडकते. वजने त्या फरशीवर ठेवू नका. स्लॅबची काळजी मात्र करू नका. घराच्या खोल्यांचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार धरून आखतात, तुमचे सगळे साहित्य मिळून पन्नास किलोही भरणार नाही. भद्रकाली, पंचवटीतल्या जुन्या वाड्याची लाकडी माडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे व्यायाम तळमजल्यावर करा. ते शक्य नसेल तर बँड (ताणायचे रबरी पट्टे) वापरा.

दाराची चौकट आणि भिंत कशाची आहे हेही याच वेळी पाहून ठेवा. हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर धरत नाही. दाबाने तो भुगा करत सैल होतो. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा अशाच असतात. त्यामुळे भिंतीत हूक ठोकून त्यावर अंगाचा भार टाकण्याचा बेत असेल तर आधी बिल्डिंगच्या मिस्त्रीला विचारा.

गॅलरी टाळा. पश्चिमेची गॅलरी असेल तर एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या उन्हात रबर वाळते, आणि जुलैत लोखंड गंजते.

टप्पा ३ : पाण्याच्या कॅनवर वजन शोधा (एक आठवडा, खर्च शून्य)

हा टप्पा लोक हसून सोडून देतात, आणि चुकीचे वजन घरी आणतात.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. घरात बघा : एक लिटरच्या दोन बाटल्या, दोन लिटरच्या दोन, तेलाचे पाच लिटरचे मूठ असलेले दोन कॅन, आणि एक मजबूत शाळेची सॅक. कॅन गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट लावा. अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये पाणी हेलकावते आणि मनगट-खांद्याला अनपेक्षित झटका देते. म्हणून तीन किलो हवे असतील तर पाच लिटरचा कॅन अर्धा भरू नका. दोन लिटरची आणि एक लिटरची भरलेली बाटली एका कापडी पिशवीत उभी घाला आणि पिशवीचे बंद आखूड धरा. जास्त वजनासाठी बाटल्या सॅकमध्ये भरून सॅक छातीशी धरा.

पुढील सहा हालचाली करून पाहा :

१. वजन छातीशी धरून खुर्चीतून उठबस. (टप्पा १ मध्ये उशी लागली असेल तर उशीसह.)
२. दोन्ही हातांत कॅन घेऊन कमरेतून नव्हे, खुब्यातून वाकणे आणि सरळ होणे. कॅन जमिनीवर नाही, पाटावर किंवा लहान स्टुलावर ठेवून सुरुवात करा. पाठ ताठ, पार्श्वभाग मागे.
३. एक हात ओट्यावर किंवा खुर्चीवर टेकून दुसऱ्या हाताने कॅन बरगडीकडे ओढणे.
४. ढकलणे : ओट्याच्या कडेला हात ठेवून तिरके जोर. पंधरा सहज झाले तर जमिनीवर उताणे झोपून हातातले कॅन वर ढकला.
५. बसून डोक्यावर वजन नेणे, खांद्याच्या तपासणीत पास झाला असाल तरच.
६. दोन्ही हातांत वजन घेऊन घरात तीस सेकंद चालणे.

प्रत्येक हालचाल बारा वेळा करा आणि थांबा. आता स्वतःला विचारा, आणखी किती वेळा जमले असते? उत्तर दोन-तीन असेल तर ते तुमचे आजचे वजन. पाच-सहा असेल तर एक-दोन किलो वाढवा. आठव्या वेळेलाच अंग वेडेवाकडे व्हायला लागले तर कमी करा. जोर लावताना तोंडाने श्वास सोडा, श्वास कोंडू नका.

एक दिवस करा, दोन दिवस सोडा, पुन्हा करा. आठवड्यात तीन वेळा होईल. वहीत तारीख, हालचाल आणि किलो लिहा. पहिल्या दिवसाचा आकडा खोडून टाका. त्या दिवशी माणूस एकतर घाबरलेला असतो नाहीतर जोशात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचे आकडे धरायचे.

> तपासणी : दुसऱ्या दिवशी स्नायू दुखणे ठीक आहे. सांध्याच्या आत टोचणे, हातापायात मुंग्या येणे किंवा दोन दिवसांनंतरही न उतरणारे दुखणे ठीक नाही. ती हालचाल थांबवा आणि त्या हालचालीसाठी काही विकत घेऊ नका.

टप्पा ४ : वहीतले आकडे वाचा

समजा वहीत असे निघाले : डोक्यावर नेणे एका हाताला ३ किलो, ओढणे ७, छातीशी धरून उठबस १०, खुब्यातून वाकणे प्रत्येक हाताला १०. यातून तीन गोष्टी ठरतात.

सर्वांत हलके वजन वहीतल्या लहानात लहान आकड्याच्या खाली हवे. म्हणजे इथे प्रत्येक हाताला दोन ते अडीच किलो. दुकानात "सुरुवातीला पाच किलोचा जोड घ्या, सगळे तोच नेतात" असे ऐकू येते. वरच्या वहीप्रमाणे पाच किलो खांद्याला जड आणि पायांना हलके, म्हणजे कशालाच उपयोगी नाही.

सर्वांत जड वजन वहीतल्या मोठ्या आकड्याच्या दुप्पट पुरे. इथे एका हाताला २० किलो. त्यापुढची खरेदी वर्षभराने.

आणि उडी. ३ किलोवरून ५ वर जाणे म्हणजे भार दोन-तृतीयांशाने वाढवणे, ५ वरून ७.५ म्हणजे दीडपट. पंचविशीतला खांदा ते सोसतो. पन्नाशीतला स्नायूही एक वेळ सोसेल, पण स्नायूबंध आणि सांधा मागे राहतो, आणि तीन आठवड्यांनी "डंबेलने खांदा गेला" अशी तक्रार येते. दहा किलोपर्यंत एका हाताची उडी दीड किलोपेक्षा जास्त नको. दहाच्या पुढे दोन-अडीच चालते.

टप्पा ५ : साधन निवडा

*दांडा आणि चकत्या.* आमची पहिली पसंती हीच. दिसायला जुनाट, पण उडी आपल्या हातात राहते. आटे असलेले दोन दांडे (१४ इंची), चार नट, आणि ओतीव लोखंडाच्या चकत्या. इथे गणित नीट समजून घ्या : चकती दांड्याच्या दोन्ही बाजूंना लागते आणि दांडे दोन, म्हणून प्रत्येक मापाच्या चार चकत्या. दोन घेतल्या तर एकच डंबेल भरतो.

घ्यायच्या चकत्या : अर्ध्या किलोच्या ४, सव्वा किलोच्या ४, अडीचच्या ४, पाचच्या ४. एकूण ३७ किलो. दांडा नटांसह दोन किलोचा धरला तर प्रत्येक हाताला मिळणारी वजने अशी : २, ३, ४.५, ५.५, ७, ८, ९.५, १०.५, १२, १३, १४.५, १५.५, १७, १८, १९.५, २०.५. सोळा पायऱ्या, आणि कुठलीही उडी दीड किलोच्या वर नाही.

अर्ध्या किलोच्या चकत्या दुकानात सहसा ठेवत नाहीत. नाशिककरांना त्याचे दुःख नको. सातपूर-अंबडला लेझर कटिंगची कामे करणाऱ्या वर्कशॉपमध्ये ८ मिलिमीटर जाडीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटमधून १०५ मिलिमीटर व्यासाची, मध्ये ३० मिलिमीटर भोक असलेली चकती कापून घ्या. ती जवळजवळ बरोबर पाचशे ग्रॅम भरते. चार नगांसाठी वेगळे काम लावायला कोणी तयार नसेल तर उरलेल्या तुकड्यातून कापा म्हणावे. कडा घासून घ्यायला विसरू नका, ताज्या कापलेल्या कडेने बोट चिरते. वरून रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंटचा एक हात द्या.

चुका इथेही ठरलेल्या. "२० किलोचा होम जिम सेट" म्हणजे सगळ्या चकत्या मिळून २० किलो, एका हाताला दहा. प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या चकत्या स्वस्त असतात, पण त्याच वजनाला दुप्पट जाड. तीन लावल्या की दांड्याचे आटे संपतात आणि नट अर्धाच बसतो. कवच फुटले की घरभर भुकटी. दांड्याची आणि भोकाची मापेही वेगवेगळी येतात : घरगुती दांडा साधारण २५ ते २८ मिलिमीटरचा, जिममधल्या मोठ्या बारची भोके ५० मिलिमीटरची. जिममधून जुन्या चकत्या स्वस्तात मिळाल्या म्हणून आणल्या आणि घरच्या दांड्यावर त्या बांगडीसारख्या लटकल्या, असे होऊ देऊ नका.

*डायल फिरवून वजन बदलणारे डंबेल.* जागा सर्वांत कमी, बदल सर्वांत झटपट, किंमत बरीच. नवरा-बायको एकामागून एक व्यायाम करणार असतील तर हा खर्च वसूल होतो, कारण दर वेळी नट काढायचे कष्ट वाचतात आणि आळसाला निमित्त उरत नाही. खोक्यावरचा "२.५ ते २४ किलो" हा आकडा पाहून थांबू नका. मधल्या पायऱ्यांची यादी मागा. एकच नग आहे की जोड, हेही वाचा. ऑनलाइन पानावर चित्र जोडीचे आणि किंमत एकाची, हे सर्रास असते. हे डंबेल आपटायचे नसतात. आतली खाच एकदा वाकली की चकती मध्येच सुटू शकते, आणि ती नेमकी तोंडावर असते. प्रत्येक वेळी साच्यातून उचलल्यावर चार बोटे वर धरून हलकेच हलवायचे, सगळ्या चकत्या पकडल्या आहेत का पाहायचे, मगच उचलायचे.

*षटकोनी रबरी डंबेल.* गडगडत नाहीत, लहान मुले असलेल्या घरात हा मोठा गुण. पण प्रत्येक वजनाचा वेगळा जोड लागतो. पूर्ण रांग घेण्यात अर्थ नाही. दांडा-चकतीच्या जोडीला २ किंवा ३ किलोचा एक जोड ठेवला तर खांद्याचे व्यायाम नट न उघडता होतात.

*बँड.* भाड्याचे घर, बदलीची नोकरी, लाकडी माडी किंवा दुखरा सांधा असेल तर सुरुवात इथून. ४१ इंची गोल बँडपैकी १३ आणि २२ मिलिमीटर रुंदीचे दोन घ्या. पाच-सात रंगांच्या संचातले जाड बँड वर्षभर पिशवीतून बाहेर येत नाहीत. बँडवर लिहिलेला किलोचा आकडा तो पूर्ण ताणल्यावरचा असतो, सुरुवातीला हाताला त्याचा काही अंशच लागतो. म्हणून वहीतले आकडे बँडला लागू करू नका, "आणखी किती वेळा जमले असते" ही कसोटी लावा.

दारात बँड अडकवताना : दार आपल्या विरुद्ध बाजूला उघडणारे हवे, म्हणजे ओढल्यावर ते चौकटीवर घट्ट बसते. आपल्याकडे उघडणाऱ्या दाराला बँड लावला आणि कडी निसटली तर दार आणि बँड दोन्ही अंगावर येतात. बाहेरून कोणी दार उघडणार नाही अशी कडी लावून मगच ओढा.

*केटलबेल (वर मूठ असलेला लोखंडी गोळा).* पहिली खरेदी म्हणून नको. वजन बदलत नाही, पुढची पायरी म्हणजे पुन्हा चार किलोची उडी, आणि ज्या झोक्याच्या व्यायामासाठी ती घेतात तो शिकवणाऱ्याशिवाय केला तर कंबर धरते.

*बेंच.* सहा महिने नको. जमिनीवर झोपून ढकलताना कोपर फरशीला टेकले की हालचाल आपोआप थांबते, दुखऱ्या खांद्याला हे बेंचपेक्षा बरे. नंतर घ्यायचाच असेल तर उंची १७ इंचांच्या आसपास, झोपल्यावर पावले पूर्ण टेकली पाहिजेत. दुकानात बेंचच्या अगदी टोकावर बसा, दुसरे टोक उचलले गेले तर तो तिथेच सोडा. त्यावर लिहिलेली भारक्षमता तुमचे वजन आणि हातातले वजन मिळून असते.

*दाराचा बार.* हुकाने अडकणारा बार दाराभोवती पुढे आलेली लाकडी पट्टी असलेल्या चौकटीसाठी बनवलेला असतो. आपल्याकडची चौकट बहुधा भिंतीशी सपाट असते, त्याला टेकायला काही मिळत नाही. फिरवून ताणून बसवायचा बार ग्रॅनाइटच्या गुळगुळीत चौकटीत घसरतो. लाकडी चौकट असेल तरी दोन्ही बाजूंना स्क्रूने वाट्या बसवल्याशिवाय लटकू नका.

तारा-पुल्लीचे मल्टिजिम थोडक्यात : नको. एक खोली अडते, आणि घर बदलताना ते कोणी उतरवायलाही येत नाही.

> तपासणी : निवडलेल्या साधनाच्या पायऱ्या कागदावर लिहा आणि वहीतल्या प्रत्येक आकड्यासमोर जवळची पायरी लिहा. दोन हालचालींना पायरी सापडत नसेल तर निवड चुकली आहे.

टप्पा ६ : दुकानात आणि काट्यावर

लोखंड किलोवर विकले जाते. भाव किलोचा विचारा आणि दांडा-नट त्यात धरले आहेत का, तेही. मग वजन करा. सामानाची बॅग मोजायचा हुकाचा डिजिटल काटा खिशात न्या. नसेल तर कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याचा काटा आहेच. पाच किलोची चकती ४ किलो ८०० भरली तर बिघडत नाही. जोडीतली एक ४ किलो ७०० आणि दुसरी ५ किलो २०० निघाली तर बदलून घ्या, कारण उजव्या-डाव्यातला फरक मनगटाला रोज जाणवतो.

नट हाताने शेवटपर्यंत फिरवा. मध्ये अडकत असेल किंवा डगडगत असेल तर दुसरा दांडा मागा. नटाच्या आत रबरी कडी आहे ना पाहा, तीच नटाला सैल होऊ देत नाही. मुठीवरच्या खडबडीत खाचांवरून तळवा फिरवा. काही दांड्यांना त्या इतक्या धारदार असतात की आठवड्यात हाताला फोड येतात. सकाळी बोटे आखडत असतील तर बारीक मूठ निवडा, जाड मूठ पकडताना बोटे लवकर दमतात.

जुने साहित्य घ्यायला हरकत नाही, पण निवडून. ओतीव चकत्या जुन्या झाल्याने हलक्या होत नाहीत, बिनधास्त घ्या. डायलचे डंबेल प्रत्येक आकड्यावर लावून-काढून पाहिल्याशिवाय नकोत. जुने बँड फुकट मिळाले तरी नकोत.

> सावधान : ३७ किलोचे खोके एकट्याने जिन्याने नेऊ नका. खाली खोला आणि दोन-दोन चकत्या वर न्या. व्यायाम सुरू व्हायच्या आधीच कंबर धरलेली माणसे याच जिन्यात सापडतात. स्कूटरच्या पायाशी गोणी ठेवून आणणार असाल तर दोन खेपा करा.

टप्पा ७ : घरात मांडणी

दिवाणाच्या आत वजने ठेवणे ही नाशकातल्याच नव्हे, सगळीकडच्या घरांतली आवडती चूक. दिवाणाचे झाकण एका हाताने धरून, कमरेतून पूर्ण वाकून, थंड अंगाने खोलातून दहा किलो काढणे हा सबंध व्यायामातला सर्वांत धोक्याचा क्षण ठरतो. शिवाय काढायचा कंटाळा येतो तो वेगळाच. वजने गुडघा ते कंबर या उंचीत, न हलणाऱ्या स्टुलावर किंवा जाड फळीच्या मांडणीत ठेवा. घरात रांगणारे मूल असेल तर मात्र ती जमिनीवरच ठेवा, पण कपाटात बंद करून. त्यावेळी गुडघा टेकवून बसा आणि मग उचला.

पायाखाली १० ते १२ मिलिमीटरची टणक रबरी मॅट घ्या. कोड्यासारखे जोडायचे रंगीत फोमचे तुकडे झोपून करायच्या व्यायामाला ठीक आहेत. त्यावर वजन घेऊन उभे राहिले की घोटा डुगडुगतो. पायात सपाट, टणक तळव्याचे बूट घाला. पळण्याचे मऊ बूट नकोत, आणि घामेजल्या फरशीवर अनवाणी तर नकोच.

टप्पा ८ : पहिले आठ आठवडे

१. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांचे अंतर. उदाहरणार्थ मंगळवार आणि शुक्रवार.

२. पहिले दोन आठवडे वहीतल्या आकड्यापेक्षा एक पायरी खाली. कॅनची मूठ आणि डंबेलची मूठ वेगळी, हाताला ओळख व्हायला वेळ द्या.

३. प्रत्येक हालचाल बारा वेळा, दोन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटे विश्रांती.

४. व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी दोन्ही सेट बारा-बारा झाले आणि तरी दोन-तीन जमले असते, तर पुढची पायरी. सगळ्या हालचालींची पायरी एकाच दिवशी चढवू नका.

५. दर सेटच्या आधी नट हाताने आवळा. वजन मुठीत फिरते तसा नट थोडाथोडा सुटत जातो.

डिसेंबर-जानेवारीत नाशकात पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली जातो. तेव्हा अंग गरम करायला पाचऐवजी दहा मिनिटे द्या : घरात चालणे, हात फिरवणे, बिनवजनाची उठबस. चहाआधी पहाटे पाचला थंड दांडा उचलण्यापेक्षा संध्याकाळी केलेले बरे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी सुरू करू नका आणि साखरेची पुडी हाताशी ठेवा. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, घाम फुटून गरगरणे, यांपैकी काही झाले तर वजन खाली, बसणे, आणि १०८ ला फोन.

टप्पा ९ : पावसाळा आणि देखभाल

जून ते सप्टेंबर दर आठवड्याला चकत्या कोरड्या फडक्याने पुसा. आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाका. मुठीवर तेल लागू देऊ नका, ओल्या हातात ती साबणासारखी निसटते. गंजाचा ठिपका दिसला तर काथ्याने किंवा तारेच्या घासणीने घासून रंगाचा हात द्या.

बँड कपाटात, टाल्कम पावडर लावून, गुंडाळी सैल ठेवून ठेवा. वापरण्याआधी उजेडात ताणून दोन्ही कडा पाहा. नखाएवढी चीर दिसली तरी तो बँड बाद. तो तुटतो तेव्हा ताणलेलाच असतो आणि टोक डोळ्याकडे येते. अंगठ्या काढूनच बँड हातात घ्या, बारीक चिरा बहुतेक अंगठीच्याच असतात. बाद केलेल्या बँडचे तुकडे करून टाका, नाहीतर घरातले दुसरे कोणीतरी "चांगला तर आहे" म्हणून तो पुन्हा उचलते.